गऊआक्काचा भिजका मूग

गऊआक्काच्या घरात पावसाला शिवी द्यायला बंदी होती. देवाला दिलेली चालायची, सरपंचाला चालायची, एसटीच्या कंडक्टरला तर ती स्वतःच उठता-बसता द्यायची. पण पावसाबद्दल वाकडा शब्द निघाला की आक्का हातातलं काम खाली ठेवायची. एकदा झडीच्या दिवसांत माझी जरा बरी म्हणावी अशी एकुलती एक साडी दोरीवरच कुजायला आली. मी वैतागून म्हणाले, "काय मेला हा पाऊस!" आक्कानं चुलीपुढून मान वळवली.

"बाई, त्यो ऐकतो," ती म्हणाली. "बहात्तरला रुसून बसला तवा आमी खडी फोडून दिस काढलं. आता आलाय तर येऊ द्या. साडीचं काय, चुलीवर वाळंल."

साडी चुलीवर वाळली. तिला धुराचा असा वास लागला की पुढचा आठवडाभर मी धूर अंगावर घेऊन चौथीच्या मुलांना भूगोल शिकवला.

मी दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेली. गाड्यांचे आवाज ऐकल्याशिवाय मला झोप येत नसे. डी.एड. झाले आणि नेमणूक आली न्हावऱ्याच्या शाळेत. दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती, तरी लोकांच्या बोलण्यातून तो गेला नव्हता. गावात एकट्या बाईला खोली कोण देणार, असा प्रश्न होता. हेडमास्तर म्हणाले, "गऊआक्काकडं बघा. ती विधवा आहे, घर मोठं आहे, आणि तिच्या दारावरून कुणी वाकड्या नजरेनं बघत जात नाही." का जात नाही ते मला पहिल्याच दिवशी कळलं. आक्काचा आवाज. ती परसात बोलली की वेशीवरची कुत्री कान टवकारायची.

उंच, हाडापेरानं मजबूत, कपाळावर कुंकवाच्या जागी नुसतं गोंदण, आणि पन्नाशीतही शाबूत असलेले पांढरे दात. ह्या दातांचा गावात फार उपयोग व्हायचा. कुणी मूग विकायला काढला, मटकी पोत्यात भरायला घेतली, की मूठभर दाणे घेऊन आक्काकडे यायचा. आक्का एक दाणा दाढेखाली धरायची. 'कट्' आवाज झाला तर माल वाळला. दाणा नुसता चेपला तर, "अजून दोन उन्हं दे," असं सांगून त्या माणसाला परत पाठवायची. कधी कधी ती दाणा चावून काहीच बोलत नसे, नुसती त्या माणसाकडे बघायची. मग तो आपणहून म्हणायचा, "व्हय आक्का, रातीला अंगणातच राह्यला होता." त्याला चहा मिळायचा आणि दोन शिव्या मिळायच्या.

आक्काचं स्वतःचं रान म्हणजे गावाच्या खालच्या अंगाला असलेला चिंचेचा तुकडा. नवरा गेल्यावर वाटणीत तेवढा तिच्या वाट्याला आलेला. त्यात ती दरसाल मूग करायची. त्या मुगाचं बी तिच्या माहेरचं, खुटबावचं. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात तिच्या आईनं ते पिशवीत बांधून दिलं होतं आणि तेव्हापासून ते दर वर्षी पेरलं जात होतं, राखेत कालवून कणगीत ठेवलं जात होतं. दुष्काळात घरातलं सगळं खाऊन झालं तेव्हाही त्या बियाला आक्कानं हात लावला नाही असं लोक सांगायचे. मी एकदा विचारलं तर ती म्हणाली, "लावला व्हता की. दोनदा कणगी उघडली. मग पुन्हा लिंपली." खोटा मोठेपणा तिला जमायचा नाही.

गंमत अशी की मूग पिकवणारी ही बाई स्वतः मूग खात नसे. तिच्या ताटात हुलग्याचं माडगं, मटकी, बाजरीची भाकरी. "इकायचं ते खायचं न्हाई," हा तिचा कायदा. पण गावात कुणाला ताप आला, कुणी बाळंत झाली, कुणाचं म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं, की पदराखाली मुगाची वाटी घेऊन आक्का त्या घरी हजर. त्या वाटीला कायदा लागू नव्हता.

मला विषमज्वर झाला त्या वर्षीची गोष्ट. दौंडला निरोप जायला आणि आई यायला वेळ लागला. तेवढे दिवस आक्का माझ्या उशाशी बसून होती. मुगाचं कढण करायची, वर तुपाचा थेंब सोडायची, आणि वाटी माझ्या ओठाला लावून म्हणायची, "घ्या बाई, घ्या." मी तोंड फिरवायची. तिसऱ्यांदा तोंड फिरवलं तेव्हा वरून आवाज आला, "ए पोरी, पितीस का नाक दाबू?" मी घटाघटा प्यायले. त्या दिवसापासून ती मला 'अगं' म्हणू लागली आणि मी घरातली झाले. ताप उतरल्यावर आई आली, तिनं आक्काचे हात धरले आणि रडायला लागली. आक्का म्हणाली, "रडताव कशाला, पोरगी हुलग्याच्या जातीची हाय, खडकावर बी उगवंल." माझ्याविषयी इतकं चांगलं त्यानंतर कुणी बोललेलं मला आठवत नाही.

आक्काचा धाकटा दीर नामदेव शेजारच्याच घरात राहायचा. सगळं गाव त्याला आप्पा म्हणायचं. बुटका, गोलमटोल, सोसायटीच्या राजकारणात असणारा, कायम घाईत. पाटाचं पाणी गावात आल्यापासून आप्पानं ऊस धरला होता. त्याचं स्वतःचं गुऱ्हाळ होतं, सायकल जाऊन मोटारसायकल आली होती. आक्काचा तुकडा त्याच्या उसाला लागूनच. मध्ये एक बांध. ह्या बांधावरून दर वर्षी एकदा तरी भांडण व्हायचं, पण ते भांडणसुद्धा 'वैनी' आणि 'भावजी' असं मान राखून.

"वैनी, मुगात काय राह्यलंय?" आप्पा म्हणायचा. "पाऊस न्हाई आला तर वाळतो. जास्त आला तर कुजतो. आन् बरूबर आला तर समद्यांचाच पिकतो, मग भाव पडतो. ऊस कसा, उभा राहतो."

"ऊस उभा राहतो भावजी, पर माजं रान आडवं पडतं."

आक्काला ऊस का नको होता, ते तिनं मला एकदा सांगितलं. एकदा ऊस लागला की त्या रानाचं पाणी, खत, तोडणी, गुऱ्हाळ, सगळं आप्पाच्या हातात जाणार. तुकडा कागदावर तिचा राहील, पण तिथं तिला काम उरणार नाही. वर्षाच्या शेवटी दीर प्रामाणिकपणे तिचा वाटा आणून देईल, आणि ती ओसरीवर बसून तो घेईल. "त्ये मला न्हाई जमायचं," ती म्हणाली. "मी बसले की मरंन."

माझ्या तापाच्या त्याच वर्षी पेरणीच्या आधी भांडण जरा लांबलं. आप्पाची बायको, आक्काची जाऊ चंद्रभागा, मध्ये पडली. शेवटी पारावरच्या चारचौघांसमोर बोली झाली. यंदाचा मूग आक्कानं स्वतः करायचा, स्वतः बाजारात न्यायचा आणि स्वतः विकायचा. आजवर विकायला आप्पाच जायचा. माल बाजारात पडून राहिला, माघारी आणावा लागला, तर पुढच्या साली तुकड्यात ऊस. विकला गेला तर आप्पानं पुन्हा उसाचं नाव काढायचं नाही.

"कबूल?" आप्पानं विचारलं.

"कबूल. पर बोलीत पाऊस धरायचा न्हाई. त्याचं त्यो बघंल," आक्का म्हणाली.

आणि पावसानं बघितलंच. सुरुवातीला इतकं सगळं बेताबेतानं झालं की आक्का गाणी म्हणत खुरपायची. मूग गुडघ्याएवढा आला, शेंगा धरल्या, काळ्या पडू लागल्या. पहिला तोडा कडक उन्हात झाला. ह्या शेंगा घरी आल्या, वाळल्या, बडवून झाल्या, आणि हिरवाकंच टपोरा मूग सुपात पडला तेव्हा आक्कानं दाणा न चावताच माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. पण मूग एकदम पिकत नाही. खरा भरगच्च तोडा दुसरा, आणि तो तयार झाला त्याच दिवसांत झड लागली.

झड म्हणजे धो धो पाऊस नव्हे. धो धो पडून मोकळा झाला तर शेतकऱ्याला चालतो. झड म्हणजे दिवसरात्र भुरभुर, आभाळ घरावर टेकलेलं, कौलांतून टपटप, आणि चार दिवस ऊन म्हणून दिसत नाही. रानातल्या पिकलेल्या शेंगा भिजून फुगल्या. शेंगेतल्या शेंगेत दाण्यांना मोड येऊ लागले. तोडायला बायका मिळेनात, चिखलात कोण जाणार. आक्का पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन एकटीच रानात जायची आणि ओच्यात, पाटीत, जमेल तशा शेंगा घेऊन यायची. शाळा सुटली की मीही जायची. बोटं गार पडायची, चिखल पोटऱ्यांपर्यंत यायचा. मी मनातल्या मनात पावसाला भरपूर शिव्या दिल्या. आक्काच्या तोंडून एक निघाली नाही. एकदाच ती कंबर सरळ करून वर बघत म्हणाली, "बास की रं आता. पोट भरलं आमचं." जेवायला आग्रह करणाऱ्या पाहुण्याला सांगावं तसं.

ओल्या शेंगा ढिगानं ठेवल्या तर तापतात, बुरशी धरतात. त्या पसराव्या लागतात. पसरायला जागा एकच होती, माझी खोली. माझी ट्रंक फळीवर गेली, पुस्तकं खुंटीला टांगलेल्या पिशवीत गेली, आणि सगळ्या जमिनीवर शेंगाच शेंगा. मी बाजेवर, बाजेखाली शेंगा. दारातून बाजेपर्यंत जायला आक्कानं एक विटांची वाट करून दिली होती. खोलीत असा ओलसर, आंबूस वास कोंडला होता की शाळेतली मुलं मला विचारायची, "बाई, तुमच्या घरी उसळ केली का?"

तरी शेंगा वाळेनात. मग एका सकाळी आप्पा दारात आला. विटांच्या वाटेवर एक पाय ठेवून त्यानं खोली बघितली, वाकून एक शेंग उचलली, फोडली, नाकाला लावली.

"वैनी," तो म्हणाला, "गुऱ्हाळाचं चुलवण पेटवतो. चिपाडं हायेत गेल्या सालची. काहिलीत टाका आन् हलवा."

आक्का त्याच्याकडे बघत राहिली. "बोली तुमी घातली, आन् इस्तू बी तुमीच देताय व्हय?"

"बोली रानाची हाय," आप्पा जरा चिडून म्हणाला. "मूग कुजावा अशी कुठं घातलीय मी?"

ह्या माणसाला मी तोवर आक्काचा वैरी समजत होते. त्या सकाळी ते मला सोडून द्यावं लागलं.

गुऱ्हाळाची काहील म्हणजे गूळ शिजवायची भलीमोठी पसरट कढई. पावसाळ्यात ती पालथी पडलेली असते. आम्ही ती घासली, धुतली, पुन्हा घासली. आप्पानं चुलवणात बेतानं चिपाडं सारली. शेंगा काहिलीत पडल्या आणि आक्का, चंद्रभागा आणि मी लाकडी फावड्यांनी त्या खालीवर करत राहिलो. वाफ यायची, डोळे झोंबायचे. विस्तव जरा वाढला की आक्का ओरडायची, "भावजी, शेकायचं न्हाई, वाळवायचंय!" आणि सोसायटीचा तो मोठा माणूस निमूटपणे चिपाडं मागे ओढायचा. कितीही घासली तरी काहील ती काहीलच. मुगाला गुळाचा मंद वास लागला. रंगही गेला. पाखडून, निवडून, मोडाचे दाणे काढून जे हाती आलं ते मळकट, पिवळट, कुठे सुरकुतलेलं. पण वाळलेलं होतं. आक्कानं दाढेखाली धरलं आणि 'कट्' आवाज झाला.

आता गावातले सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं, तेलाचा हात फिरव, चकाकी येईल. कुणी म्हणालं, पोत्याच्या पोटात हा भर आणि तोंडाला पहिल्या तोड्याचा हिरवा मूग ठेव. आक्कानं तेलाचा प्रयोग करून बघितला, नाही असं नाही. ताटभर मुगाला तेल चोळलं, उजेडात नेऊन बघितलं आणि हसायला लागली. "तोंडाला तेल लावून आल्यालं माणूस वळखू येतं. मूग कसा न्हाई येणार?" त्या ताटभर मुगाची त्या दिवशी उसळ झाली. तिला मूग खाताना मी पहिल्यांदा पाहिलं.

पहिल्या तोड्याच्या हिरव्या मुगाला तर तिनं हातच लावू दिला नाही. तो बियाचा म्हणून कणगीत गेला. मला हे पटेना. मी म्हणाले, "आक्का, तो चांगला माल नेला तर डोळे मिटून विकला जाईल. एवढी बोली लावलीय तुम्ही."

"आन् बी इकून बोली जिंकली, तर पुढं पेरू काय? बोली?"

मी उठून कणगी लिंपायला तिला माती कालवून दिली.

बाजारच्या दिवशी आम्ही शिरूरला निघालो. शाळेला सुट्टी होती म्हणून मी बरोबर. पोती एसटीच्या टपावर चढवताना कंडक्टरशी भांडण झालं, ते आक्कानं जिंकलं. आप्पा त्याच गाडीत मागच्या बाकावर बसला होता, जणू काही त्याचं शिरूरला दुसरंच काम आहे.

आडतीवर मालाचे ढीग लागलेले. तिथली विक्रीची रीत मी ऐकून होते, पाहिली नव्हती. ढिगाशी आडत्या बसायचा. खरेदीवाला येऊन मूठभर माल बघायचा, मग दोघांच्या हातावर एक टॉवेल पडायचा आणि त्या टॉवेलाखाली बोटांनी भाव चालायचा. बोट दाबलं, दोन बोटं धरली, पंजा धरला, ह्या सगळ्याला अर्थ. तोंडानं अवाक्षर नाही. असे खरेदीवाले एकामागून एक येऊन आडत्याचा हात दाबून जायचे आणि शेवटी आडत्या शेतकऱ्याला सांगायचा, एवढा एवढा भाव आला. शेजारच्या ढिगाला काय मिळाला ते शेजारच्याला माहीत नसायचं. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. बापजाद्यांपासून तसंच चाललेलं.

त्या सालात सगळीकडचाच मूग भिजलेला. खरेदीवाले नाकं मुरडत फिरत होते. आमच्या ढिगाशी दोघं येऊन, मूठ हुंगून, "ह्याला गुळाचा वास येतोय" म्हणून हात न दाबताच पुढे गेले. आक्का बसून होती. उन्हं वर आली. एक एक ढीग उठत होता. मी मागे वळून बघितलं तर आप्पा एका खांबाला टेकून तंबाखू मळत होता; मळून झाली तरी खात नव्हता. मला रडूच यायला लागलं होतं. डोळ्यांसमोर चिंचेच्या तुकड्यात उभा ऊस दिसत होता, आणि ओसरीवर बसलेली आक्का.

मग आडत्या उठून आमच्याकडे आला. बाबूशेट म्हणायचे त्याला. माणूस वाईट नव्हता, उरकायच्या घाईत होता. "आक्का, एक मिलवाला आलाय. बघतो काय म्हणतो ते," असं म्हणत त्यानं टॉवेल झटकला. एक डाळ मिलवाला पुढे झाला. बाबूशेटनं हात पुढे केला, वर टॉवेल पडणार, एवढ्यात आक्कानं आपला हात मध्ये घातला.

"माल माजा," ती म्हणाली. "हात बी माजाच."

मिलवाल्याचा हात जागच्या जागी थांबला. भर बाजारात, कापडाखाली, परक्या बाईचा हात धरायचा? तोही गोंदलेल्या कपाळाच्या, आईच्या वयाच्या विधवेचा? तो बाबूशेटकडे बघायला लागला. बाबूशेट टॉवेलाकडे बघायला लागला.

"आक्का, असं नसतं," बाबूशेट म्हणाला. "ही पुरुषांची रीत आहे."

"मग धरा की. मी कुठं न्हाई म्हनले?"

आजूबाजूला हशा पिकला. शेजारच्या ढिगावरचे लोक उठून आले. मिलवाला कानापर्यंत लाल झाला. पुढे केलेला हात मागे घेता येईना आणि पुढेही नेता येईना.

"हात धरायची लाज वाटती ना?" आक्का म्हणाली. तिचा तो वेशीपर्यंत जाणारा आवाज आता आडतीच्या पत्र्यांना लागला. "मग तोंडानं बोला. तोंड तर आपलंच हाय."

आणि मिलवाला तोंडानं बोलला. हळूच बोलला, पण बोलला. तो आकडा आजूबाजूच्या सगळ्यांनी ऐकला. मघाशी गुळाचा वास येतोय म्हणून गेलेला खरेदीवाला गर्दीत होता, त्याच्या तोंडून निघून गेलं, "एवढा?" आणि लगेच त्यानं त्यावर थोडा चढवला. मिलवाल्याला राहवेना, त्यानं आणखी चढवला. त्याला ह्या मुगाची सालपटं काढून डाळच करायची होती, रंग गेला काय आणि राहिला काय. पण ते इतके दिवस टॉवेलाखाली झाकून राहत होतं. भाव काही आभाळाला भिडला नाही. भिजक्या मुगाला मिळावा तेवढाच मिळाला. पण माल उठला. पोती रिकामी झाली.

परत येताना एसटीत आक्का खिडकीला डोकं टेकून झोपली. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर, तळव्यांना काहिलीच्या वाफेनं आलेले फोड अजून ओले. आप्पा आता आमच्या पुढच्या बाकावर बसला होता. तो वळला, तिच्याकडे बघितलं, आणि मला हळूच म्हणाला, "झोपू द्या वैनीला. न्हावरं आल्यावर मी पोती उतरवतो." मग आठवून म्हणाला, "रिकामीच हायेत म्हना."

पुढच्या बाजारी एक मौज झाली. न्हावऱ्याचे, मांडवगणचे शेतकरी माल घेऊन निघाले ते बायकांना बरोबर घेऊन. ज्याची बायको आली नाही त्यानं बहीण आणली, सून आणली. ढिगापाशी बाई बसवायची, हात पुढे करायला सांगायचं, म्हणजे खरेदीवाल्याला मोठ्यानं बोलावं लागतं. एकानं तर आपली ठार बहिरी आई आणून बसवली. तिला भाव ऐकू येत नव्हता, पण बाजाराला येत होता. थोडे आठवडे हे चाललं. मग बाबूशेटच कंटाळून म्हणाला, बायांना घरी ठेवा, आपण तोंडानंच बोलू. आक्काला हे कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बाया बाजार बघून आल्या, त्ये बरं झालं."

बोलीप्रमाणे आप्पानं पुन्हा उसाचं नाव काढलं नाही. मात्र दोघांचं बोलणंच जरा कमी झालं होतं. हरलेल्या माणसाला समोरून जाताना संकोच वाटतो, आणि जिंकलेल्याला त्याहून जास्त. आक्का त्याच्या घरी मटकी पाठवायची, तो चंद्रभागेच्या हाती गूळ पाठवायचा, पण बांधावरची ती जुनी मानाची भांडणं बंद झाली. आक्काला त्यांची चुटपुट लागली होती, हे मला दिसत होतं.

जूनमध्ये माझी बदली दौंड तालुक्यात झाली. निघायच्या दिवशी सकाळी आक्का घरात नव्हती. रानाला वाफसा आला होता आणि पेरणी धरली होती. मी सामान ओसरीवर ठेवून निरोप घ्यायला चिंचेच्या तुकड्यावर गेले.

आप्पानं बैल जुंपले होते. बी पेरायची पाभर उभी होती. त्या घरातली रीत अशी की पेरणीची पहिली मूठ सवाष्णीनं धरायची. चाड्यात, म्हणजे पाभरीवरच्या त्या लाकडी वाटीत, बियाची पहिली मूठ तिनं सोडायची आणि मग बैल हलायचे. नवरा होता तोवर ती मूठ आक्काची होती. तो गेल्यापासून चंद्रभागा धरायची. आपल्याच रानात, आपल्याच बियाची पहिली ओळ पडेपर्यंत आक्का बांधावर उभी राहायची आणि नंतर कामाला लागायची. ह्याबद्दल ती कधी कुणाला काही बोलली नव्हती. मलाही नाही.

त्या दिवशीही ती बांधावर उभी होती. मी तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले. चंद्रभागा बियाची ओटी बांधून पाभरीमागे गेली. आप्पानं कासरा हातात घेतला, आणि बैल हाकलेच नाहीत. तो तसाच उभा राहिला, पुढे तोंड करून. मग मागे न बघता म्हणाला, "वैनी, या."

"काय वो?"

"मूठ धरा."

आक्का जागची हलली नाही. "चंद्रा हाय की. माजा हात नगं, भावजी. सालाचा सण हाय."

"रान तुमचं," आप्पा म्हणाला. "बी तुमच्या आईचं. मूठ तेवढी दुसऱ्याची कशापायी?"

चंद्रभागेनं ओटी सोडली आणि चाड्यापासून बाजूला सरली. आक्का बांधावरून उतरली. लुगड्याला हात पुसला, पुन्हा पुसला. ओटी बांधली, मूठ भरली, आणि ती मूठ चाड्यावर धरून तशीच उभी राहिली. बैलांनी एकदा माना हलवल्या, घुंगरं वाजली. आप्पा वाट बघत राहिला, त्यानं एकदाही घाई केली नाही.

"हाना," आक्का म्हणाली. मला जेमतेम ऐकू आलं.

पाभर चालू लागली. माझ्या एसटीची वेळ झाली होती, पण तिला हाक मारायला माझं मन झालं नाही. ओळ सरळ पार चिंचेपर्यंत गेली, आणि तिथवर आक्कानं मान वर केली नाही. एका हातानं बी सोडत होती आणि दुसऱ्या हातातल्या पदरानं पुन्हा पुन्हा तोंड पुसत होती.